पाठमोरा

सुबोधला कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की तो "चित्रकथा काढतो" असं सांगायचा. समोरचा मान डोलवायचा आणि जरा वेळानं विचारायचा, "ते झालं, पण नोकरी कुठं?" चोपन्नाव्या वर्षीही या प्रश्नानं त्याची पाठ सोडली नव्हती. मुलांच्या एका मासिकात तो तीस वर्षं 'फौजदार फुलचंद' काढत आला होता. फुलचंदच्या मिशा दर महिन्याला तेवढ्याच झुबकेदार असत, चोर दर महिन्याला पकडला जाई, आणि सुबोधच्या डोक्यावरचे केस तेवढे दर महिन्याला कमी होत.

सोलापूरच्या साखर पेठेत त्याचं बैठं घर होतं आणि घरामागं पत्र्याची एक खोली. सकाळी शेजारचे यंत्रमाग सुरू झाले, की त्या खोलीतल्या शाईच्या बाटलीत बारीक तरंग उठायचे. बाहेरच्या माणसाचं त्या खडखडाटानं डोकं उठलं असतं. सुबोधला मात्र माग बंद पडले की काम सुचत नसे. भिंतीवर काड्यापेट्यांवरच्या चित्रांचा संग्रह काचेत लावलेला होता: वाघ, जहाज, घोडा, दोन हंस. खाली फळीवर चाळीस वह्या. हा त्याचा जुना छंद. सकाळी फिरायला जाताना वही न्यायची, एक माणूस निवडायचा आणि पाच मिनिटांत त्याला कागदावर उतरवायचं. स्टेशन, एसटी स्टँड, कन्ना चौक, भाजीबाजार, कुठलीही जागा त्याला चाले.

तळ्यावर मात्र तो जात नसे. सोलापुरात तळं म्हटलं की कुठलं ते सांगावं लागत नाही. निम्मं गाव सकाळी तिथंच पाय मोकळे करायला जातं. "डास फार आहेत तिथं," असं सुबोध म्हणे. सत्तावीस वर्षं तो हेच म्हणत आला होता, आणि त्याच्या बायकोनं, प्रेमलानं, ते कधीच मान्य करून टाकलं होतं. नवरा चित्रकार आहे म्हटल्यावर तिनं याहून विचित्र गोष्टी मान्य केल्या होत्या.

आता मात्र तळ्यावाचून चालणार नव्हतं. गेली पाच वर्षं तो स्वतःचं पुस्तक काढत होता. सोलापूरचा एक दिवस, पहाटेपासून दिवे लागेपर्यंत, एकशेवीस पानांत. दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढण्यात उमर गेली. मरायच्या आधी एक तरी पुस्तक स्वतःचं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. एकशे एकोणीस पानं झाली. पुण्याच्या प्रकाशकांनी ती पाहिली आणि फोनवर म्हणाले, "सगळं उत्तम आहे हो. पण सोलापूर काढलंत आणि तळं कुठंय?"

सुबोधनं दोन दिवस टाळाटाळ केली. मग घाटावर दोन म्हातारे गप्पा मारताहेत असा प्रसंग बेतला. एक पान, सहा चौकटी, जागा तीच. पुढं म्हातारे, मागं वर चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि वरच्या देवळाकडं तोंड करून बसलेला एक पाठमोरा माणूस. सहाही चौकटींत तो जागचा हलणार नाही. मागं असा एक माणूस ठेवला की पुढच्या गप्पांना जोर येतो, हे त्याला कामानं शिकवलं होतं.

त्या माणसासाठी तळ्यावर जायची गरज नव्हती. तो फळीवरच्या तेराव्या वहीत होता. सुबोधनं ती वही सत्तावीस वर्षांत उघडली नव्हती, पण पान शोधावं लागलं नाही.

एकच माणूस पुन्हा पुन्हा काढायचा, तर तो काचपेटी वापरी. जुन्या टेबलाचा खण, वर काच, आत ट्यूबलाइट. काचेवर मूळ चित्र ठेवायचं, त्यावर कोरा कागद. दिवा लावला की खालच्या रेघा वर उमटतात, त्या गिरवायच्या. यात कला नाही, निव्वळ हमाली आहे, असं तो म्हणे.

पहिल्या चौकटीत माणूस मुळाबरहुकूम उतरला. टोपी, खांद्यावर टॉवेल, बिनबाह्यांचा स्वेटर, जरा वाकलेली पाठ. दुसरी चौकटही झाली. शाई वाळेपर्यंत तो जेवून आला. ताटात भाकरी आणि शेंगाचटणी होती, शिवाय उर्वीनं टाकलेला अर्धा वरणभातही त्यालाच संपवावा लागला.

उर्वी ही त्याची नात, चार वर्षांची. लेक श्रावणी ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेली होती, म्हणून उर्वी आठ दिवस आजीआजोबांकडं होती. तिच्या पायात गुलाबी सँडल होते, पाऊल टाकलं की पीं करून वाजणारे. ते काढ म्हटलं की ती रडायची, म्हणून घरात दिवसभर पीं-पीं चाललेलं असे. सुबोध वरवर वैतागायचा आणि मनातून खूश असायचा. पोरगी कुठं आहे ते न बघता कळायचं, आणि त्याला ते फार बरं वाटायचं.

जेवून आल्यावर त्यानं कागद हातात घेतला. दुसऱ्या चौकटीतल्या माणसाचा उजवा कान दिसत होता. पहिल्या चौकटीत कान नव्हता. वहीतही नव्हता.

कागद सरकला असेल, असं म्हणून त्यानं तिसऱ्या चौकटीच्या वेळी चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. चष्मा पुसला. एकेक रेघ सावकाश गिरवली. दिवा बंद करून कागद सोडवला तेव्हा माणसाचा कान होता आणि कानाखाली गालाची कड होती.

प्रेमला चहा घेऊन आली. ती चित्राकडं कधी फारशी बघत नसे. त्या दिवशी बघितलं.

"हा मागं वळतोय वाटतं," ती म्हणाली. "कुणी हाक मारली त्याला?"

"कुठं वळतोय? पाठमोराच आहे."

"मग मला काय डोळे नाहीत?" कप ठेवून ती निघून गेली.

आतापर्यंत निदान आपलं वय झालं, नजर हलली, असं तरी म्हणता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माग पूर्ण जोरात चालू असताना, खिडकीतून ऊन टेबलावर येत असताना, त्यानं चौथी चौकट केली. हात थरथरत नव्हता. तो माणूस पायरीवर डावा हात टेकून अर्धा उठलेला होता. सुबोधनं वही उजेडात धरली. वहीत तो बसलेलाच होता. पूर्ण पाठमोरा, कोपऱ्यात तारीख घातलेली: जानेवारी १९९८.

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते ते. सुबोध तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, आणि घरी श्रावणी दोन वर्षांची. तो घाटाच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर, पाण्याला पाठ करून बसला होता. सात-आठ पायऱ्या वर हा माणूस बसलेला, आणि त्याच्या मागं पायात वाळे घातलेली एक लहान मुलगी खडे मांडत होती. पाठ फार सुंदर होती. दमलेल्या, पण जत्रेला आल्याच्या आनंदात असलेल्या माणसाची पाठ. सुबोधनं खालून हाक मारली, "ओ पाहुणे! बसलात तसेच बसा. फार छान दिसतंय. पाच मिनिटं हलू नका."

माणूस लाजून हसला होता. "माजं चित्र काडताय व्हय, सायेब? मी हणमंत. केमचा. न्हाय हलत, काडा तुमी."

आणि तो खरंच हलला नाही. जरा वेळानं तसाच, मान न वळवता म्हणाला, "झालं का, सायेब? पोरगी..."

"झालंच. अजून दोन मिनिटं."

सुबोधच्या कोपराशेजारून वाळ्यांचा आवाज खाली गेला होता. त्यानं तो ऐकला होता. त्यानं मान वर केली नाही, कारण तेव्हा तो टॉवेलच्या चुण्या काढत होता आणि त्या चांगल्या जमत होत्या.

मग माणसं ओरडली, पळाली. सुबोधनं वही पिशवीत घातली आणि घाट चढून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी पेपरात तळ्यात बुडालेल्या मुलीवर दोन ओळी होत्या. 'वडिलांचे दुर्लक्ष' असे शब्द होते त्यात. सुबोधनं पेपर घडी करून ठेवला आणि याबद्दल कुणालाही, कधीही, चकार शब्द काढला नाही. त्याला स्वतःची शरम वाटत होती, आणि शरम वाटते म्हणून तो बोलत नव्हता, आणि बोलत नव्हता म्हणून ती दरवर्षी वाढत होती.

पाचवी चौकट करायला नको होती. पण कामाची खोड अशी, की अर्धं पान तसंच टाकून त्याला उठता येईना. शिवाय मनातून कुठंतरी वाटलं, वळू दे त्याला. एकदाचा वळू दे आणि बघू दे मागं.

हणमंत उभा होता, सरळ समोर तोंड करून. लांबच्या माणसाला सुबोध नाकडोळे काढत नसे, त्यामुळं तोंडाच्या जागी कोरा कागद होता. त्याच्या उजव्या हातात एक बारीक, आखूड रेघ होती. वहीत अशी रेघ नव्हती. काठी असावी, सुबोधला वाटलं. खेड्यातला माणूस, हातात काठी असायचीच. पण तो मागं वळला होता तो पाण्याकडं बघायला की खाली बसलेल्या आपल्याकडं बघायला, हे काही कळेना. घाटावर त्या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला होत्या.

अंगणात पीं-पीं वाजलं. माझ्यावर येऊ दे, सुबोध मनात म्हणाला. काठी घाल माझ्या डोक्यात, माझी काही तक्रार नाही. पण ह्या पोरीकडं बघू नकोस.

त्यानं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि पाचही चौकटींतला हणमंत पुसून टाकला. एक हात वाळू दिला, त्यावर दुसरा दिला. सहाव्या चौकटीत नुसत्या पायऱ्या काढल्या, तिथं माणूस काढलाच नाही. खोलीला कडी लावून तो बाहेर आला आणि संध्याकाळभर उर्वीबरोबर घोडा-घोडा खेळला.

सकाळी कडी उघडली. पाच चौकटींत पाच पांढरे डाग, नीट वाळलेले. सहाव्या चौकटीत पायऱ्या होत्या, आणि उजव्या कडेला, चौकटीच्या रेघेला लागून, एक टाच. अनवाणी, भेगाळलेली, काळ्या शाईत काढलेली. बाकीचा माणूस चौकटीबाहेर गेला होता.

चौकटीतून माणूस बाहेर पडला, की वाचणारा त्याला पुढच्या चौकटीत शोधतो. हा साधा नियम सुबोधनं कितीतरी पोरांना शिकवला होता. पण ही शेवटची चौकट होती. तिच्यापुढं कागदाची कड होती, टेबल होतं, दार होतं.

फळीवर तेरावी वही नव्हती.

"माझी एक जुनी वही कुणी घेतली?" त्यानं स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

"उर्वीनं घेतली असेल रेघोट्या मारायला," प्रेमला म्हणाली.

"मी नाही घेतली, आबा," उर्वी म्हणाली. ती आधीच सँडल घालून बसली होती. "आज आपण मासे बघायला जायचं ना?"

"आज नको."

"अहो, असं काय करता?" प्रेमलानं पोळपाट बाजूला सारला. "संध्याकाळी श्रावणी येऊन घेऊन जाईल तिला. आठ दिवस मी पोरीला सांगतेय, आबा तळ्यावर नेतील, मासे दाखवतील. माझे गुडघे धड असते तर मीच नेलं असतं."

"तळ्यावर नको, प्रेमला."

"का?"

सुबोधनं तोंड उघडलं. आता सांगावं. सगळं, वाळ्यांच्या आवाजासकट. प्रेमला त्याच्याकडं बघत होती, हाताला पीठ लागलेलं, चेहरा साधा, रोजचा. हा चेहरा पुन्हा आपल्याकडं असा बघणार नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

"डास फार असतात," तो म्हणाला.

"सकाळी नऊ वाजता कसले डास? जा बघू. पोरगी वाट बघून रडकुंडीला आलीय."

तो गेला. घाटावर लख्ख ऊन होतं, माणसं होती. एक बाई चुरमुरे विकत होती, दोन रिटायर्ड मास्तर वाद घालत होते. सत्तावीस वर्षांत पायऱ्या तशाच राहिल्या होत्या. सातव्या पायरीचा कोपरा फुटका आणि खालच्या दोन शेवाळलेल्या. त्यानं उर्वीचं मनगट असं घट्ट धरलं होतं, की ती दोनदा "दुखतंय आबा" म्हणाली. तिनं मासे बघितले, चुरमुरे टाकले, टाळ्या पिटल्या. काही झालं नाही. दहा मिनिटं मोजून झाल्यावर त्यानं तिला पाण्यापासून फिरवलं आणि ते वर चढू लागले. सुटलो, असं त्याला वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, आणि घरी गेल्या गेल्या प्रेमलाला सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं त्या क्षणी अगदी मनापासून ठरवलं.

सातव्या-आठव्या पायरीवर उर्वी थांबली. "आबा, पट्टा सुटला."

तो पायरीवर बसला. ती समोर, एक पायरी वर, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्यानं बक्कल लावलं. समोर देवळाचं शिखर दिसत होतं. मग त्यानं तिचा हात पुन्हा आपल्या हातात घेतला.

"सायेब."

आवाज मागून, खालच्या पायऱ्यांवरून आला. अदबशीर होता.

"बसलाय तसंच बसा की. लई छान दिसतंय. पाच मिनिटं हलू नका."

सुबोधनं उठायचं ठरवलं. पाय उठले नाहीत. मान वळवायचं ठरवलं. शिखर जागच्या जागी राहिलं.

मागं कागदाचं पान उलटलं. मग पेन्सिल चालू लागली. सॉफ्ट पेन्सिलचा तो आवाज त्यानं जन्मभर ऐकला होता. काठी नव्हती ती रेघ.

"आबा, थोडे चुरमुरे उरलेत," उर्वी म्हणाली. "टाकून येते."

तिचा हात त्याच्या हातातून निसटला. त्याची बोटं तशीच वळलेली राहिली, आत काहीच नसताना.

पीं.

ती त्याच्या शेजारून गेली.

पीं. पीं.

मास्तर वाद घालत होते. चुरमुरेवाली सुटे पैसे शोधत होती. कुणी खाली बघत नव्हतं. पायऱ्या किती आहेत ते सुबोधला पाठ होतं. त्यानंच त्या काढल्या होत्या.

पीं. पीं. पीं.

सगळा जीव ओठांत गोळा करून त्यानं हाक मारली. ओठांतून जे बाहेर आलं ते एवढंच होतं:

"झालं का? पोरगी..."

"झालंच, सायेब," मागचा आवाज म्हणाला. "अजून दोन मिनिटं."

पीं.

मग सँडलचा आवाज थांबला.

पेन्सिल चालूच होती.